पडद्यामागचा कान

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला विचारावे, "काय काय आवडले?" तो नायिकेचे नाव सांगेल, गाणी गुणगुणेल, एखादा विनोदी प्रसंग हातवारे करून दाखवील, फार चोखंदळ असेल तर छायाचित्रणाची तारीफ करील. पण "आवाज फार सुरेख घेतला होता हो!" असे म्हणणारा प्रेक्षक मला तरी अजून भेटायचा आहे. आवाजाची आठवण आपल्याला होते ती तो बिघडला म्हणजे. गाणे घरघरू लागले, संवाद कळेनासा झाला, ओठ आधी हलले आणि शब्द मागाहून आले की मागल्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. स्वयंपाकातल्या मिठाचे असेच असते. मीठ बेताचे पडले तर स्तुती भाजीची होते. ते कमीजास्त झाले की मग चर्चा मिठाची.

मिठाचा हा धर्म आनंदाने पाळणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. 'संत तुकाराम' या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून त्याचे नाव जुन्या रसिकांना ठाऊक आहे. परंतु 'प्रभात'ची चित्रे बोलू लागली तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी बसलेला माणूस तोच होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. विष्णुपंत गोविंद दामले हे त्याचे नाव. स्टुडिओतली मंडळी त्यांना 'दामलेमामा' म्हणत. दिग्दर्शक दामले यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज सांगायचे आहे ते ध्वनिलेखक दामले यांच्याविषयी. कारण ज्या 'तुकारामा'पुढे आपण अजून हात जोडतो, त्याचे मूळ या दुसऱ्या दामल्यांच्या कानात आहे असे मला वाटते.

पेणचा मुलगा, कोल्हापूरची शाळा

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, पेणचा. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्यांचे गाव. हाताने काहीतरी घडवावे ही ओढ तेथल्या हवेतच असावी. तरुणपणी दामले कोल्हापुरास आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या कलावंत बंधूंच्या सहवासात पडले. त्या काळी नाटकांचे पडदे रंगविणे हा मोठा मानाचा उद्योग होता. राजवाडा, अरण्य, रस्ता असे पडदे रंगविता रंगविता या मंडळींना हलत्या चित्रांचे वेड लागले. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. तेव्हा त्यांनी तो येथेच घडवायचे ठरविले. लेथवर एकेक भाग कातून कोल्हापुरात कॅमेरा उभा राहिला आणि या खटाटोपात बाबूरावांचा उजवा हात होते दामले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. चित्रपटाच्या तंत्राचे शिक्षण देणारी शाळा त्या वेळी आपल्या देशात नव्हती. यंत्र खोलावे, प्रत्येक भागाचे काम समजून घ्यावे, पुन्हा जोडावे आणि ते चालले की आपण उत्तीर्ण, अशी ती परीक्षा होती. अशा परीक्षेतून बाहेर पडलेल्या माणसाला नव्या यंत्राचे कुतूहल वाटते. भय वाटत नाही.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. याच कंपनीत दामल्यांची आणि कागलच्या शेख फत्तेलाल यांची जोडी जमली. फत्तेलाल चित्रकार, नेपथ्याचे जाणकार. त्यांना सारे 'साहेबमामा' म्हणत. एक दामलेमामा आणि एक साहेबमामा! एक कोकणातला ब्राह्मण, दुसरा कागलचा मुसलमान. १९२८ साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. कामे वाटली गेली. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, कॅमेरा धायबरांकडे, नेपथ्य फत्तेलालांकडे, पैशाची काळजी कुलकर्ण्यांकडे. यंत्रांचे जे जे काही, ते सारे दामल्यांकडे.

चित्रे बोलू लागली

पण कंपनीचा संसार नुकता कोठे मांडला जात होता तोच साऱ्या जगातला सिनेमा पालटला. १९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला. त्यातला आवाज ग्रामोफोनसारख्या तबकडीवर होता. पुढे तो फिल्मच्या पट्टीवरच छापला जाऊ लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानातला पडदा बोलू लागला.

'आलम आरा'ची जन्मकथा मोठी मौजेची आहे. इराणींचा स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या जवळ होता. दिवसा गाड्यांची ये-जा. म्हणून बरेचसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले. यंत्र जोडून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. तो दिवसाला शंभर रुपये घेई. ही रक्कम त्या काळच्या मानाने डोळे पांढरे करणारी होती. इराणींनी त्याच्याकडून कामाची तोंडओळख करून घेतली आणि रुस्तम भरूचा यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण स्वतःच केले.

इकडे 'प्रभात'पुढे मोठा पेच होता. बोलपटाचे हे खूळ फार दिवस टिकणार नाही, असे प्रारंभी शांतारामबापूंना वाटे. या मताला आज हसू नये. मूकपट ही दहा-बारा वर्षांच्या मेहनतीने हस्तगत केलेली कला होती. तिला भाषेची भिंत नव्हती. कोल्हापुरात केलेला मूकपट मधल्या पाट्या बदलल्या की मद्रासेतही चाले. बोलपट झाला की बाजारपेठ भाषेपुरती आखडणार, नवे यंत्र घ्यावे लागणार, ते चालविणारा माणूस शोधावा लागणार. पाच भागीदारांची पुंजी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे पणाला लागणार होती. पण 'आलम आरा'वर उसळलेल्या गर्दीने निकाल लावून टाकला. 'प्रभात'ने बोलपट करायचे ठरविले आणि ध्वनियंत्राची जबाबदारी दामल्यांनी अंगावर घेतली. त्या वेळी ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. नवी विद्या शिकायचे ते वय नव्हे असे आपण म्हणतो. दामल्यांनी मात्र कॅमेरा शिकला त्याच रीतीने आवाज शिकायला घेतला.

आवाजाचे छायाचित्र

ही विद्या होती तरी काय? आज खिशातल्या फोनवर आपण बोटाच्या टोकाने आवाज टिपतो; त्यामुळे त्या काळची अडचण समजणे अवघड झाले आहे. थोडक्यात सांगतो.

माणूस बोलला की हवेत कंप उठतो. मायक्रोफोन त्या कंपाची वीज करतो. या विजेच्या चढउतारानुसार यंत्रातल्या प्रकाशाची तिरीप कमीअधिक होते आणि ती फिल्मच्या कडेच्या एका चिंचोळ्या पट्टीवर पडते. ही पट्टी आपल्या करंगळीच्या नखाहूनही अरुंद असते. फिल्म धुतली की पट्टीवर कोठे दाट, कोठे विरळ अशा आडव्या रेघा दिसतात, किंवा दुसऱ्या पद्धतीत करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. हे आवाजाचे छायाचित्र! चित्रपटगृहात उलटा प्रवास होतो. त्या पट्टीतून दिव्याचा प्रकाश जातो, मागच्या प्रकाशघटावर तो कमीजास्त पडतो, त्याची पुन्हा वीज होते आणि पडद्यामागच्या कर्ण्यातून दुर्गाबाई खोटे बोलू लागतात.

यात आणखी एक पथ्य असे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविला जाई. वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चाले. आवाजाला असे चालत नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड फूट, याच वेगाने धावली पाहिजे. जराशी मंदावली की गायिकेचा गायक होतो. शिवाय चित्राची चौकट आणि तिचा आवाज ही फिल्मवर शेजारीशेजारी नसतात. दोहोंत सुमारे २० चौकटींचे अंतर असते. हा हिशेब चुकला की ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच म्हणून समजा.

वाईट भाग पुढेच आहे. त्या काळी मुद्रण झाल्याबरोबर ते ऐकून पाहण्याची सोय नव्हती. फिल्म धुवावी, छापावी, मग ऐकावी. तोवर सजावट मोडलेली, नट घरी गेलेले. म्हणजे ध्वनिलेखकाने "ठीक आहे" म्हटले की त्याच्या एका शब्दावर साऱ्या दिवसाचा खर्च उभा असे. कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्या माणसाच्या छातीत काय होत असेल याची कल्पना करावी!

तालमीतला आवाज आणि यंत्रातला आवाज

'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईस मॅजेस्टिकमध्येच प्रदर्शित झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती, संगीतही टेंब्यांचेच. आज उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत हा सर्वांत जुना. तो मराठीत आणि हिंदीत अशा दोन भाषांत झाला. दोन भाषा म्हणजे एकाच्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज चढविणे नव्हे, ती सोय अजून यायची होती. प्रसंग एकदा मराठीत करायचा आणि पुन्हा हिंदीत. ध्वनिलेखकाला सारी कसोटी दोनदा.

गाण्यांची गोष्ट आणखी बिकट. आधी गाणे मुद्रित करून घ्यावे आणि मग त्यावर नटाने नुसते ओठ हलवावेत, ही पार्श्वगायनाची रीत आपल्याकडे रूढ होऊ लागली ती न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'पासून, १९३५ साली. तोपर्यंत नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचे आणि साथीदारांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड, पण मायक्रोफोनच्या कानात, बसायचे. तबला जवळ आला तर शब्द बुडतात, लांब गेला तर ताल हरवतो. कॅमेरा स्वतः घरघरतो. म्हणून जगभर कोणी त्याला पेटीत कोंडले, कोणी गोधडी पांघरली. मायक्रोफोन तर एखाद्या खाष्ट सासूसारखा! सुनेच्या बांगड्यांचा आवाज, रेशमी शालूची सळसळ, लांबवरच्या कावळ्याची काव, सारे त्याला ऐकू येते आणि सारे तो लक्षात ठेवतो.

त्यातून आपले नट संगीत नाटकातून आलेले. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकाला ऐकू जावे म्हणून आवाज फेकण्याची त्यांना सवय. तेच त्यांचे वैभव. मायक्रोफोनला हे वैभव सोसत नाही. तो दोन हातांवर बसलेल्या मित्राप्रमाणे ऐकतो. त्याच्याशी हळू बोलले तर तो मनातले ओळखतो, ओरडले तर कान झाकून घेतो. मराठी अभिनय रंगभूमीवरून चित्रपटात आला तो असा, आवाजाच्या वाटेने. दिग्दर्शक सांगे "सहज बोला". पण बोलणे खरोखर सहज झाले की नाही याची साक्ष यंत्रापाशी बसलेल्या माणसाचे कान देत. ही साक्ष दामल्यांनी वर्षानुवर्षे दिली. कोणाच्या तोंडचे वाक्य खरे वाटते आणि कोणाचे पाठ केलेले, हे पारखण्याची याहून चांगली तालीम दुसरी कोणती असणार?

न वाजविण्याची कला

१९३३ साली 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्यास आली. एरंडवण्याच्या त्या माळावर उभा राहिलेला स्टुडिओ देशातल्या मोठ्या स्टुडिओंपैकी एक गणला जाई. संगीताला केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे जाणते लाभले. पुढे ध्वनिलेखक म्हणून शंकरराव दामले यांचे नाव चित्रपटांवर येऊ लागले. विष्णुपंतांनी घालून दिलेली शिस्त आता एका माणसाची न राहता साऱ्या स्टुडिओची झाली होती.

ती शिस्त कोठवर पोचली होती याचा पुरावा हवा असेल तर १९३७ चा 'कुंकू' पाहावा, किंबहुना ऐकावा. शांतारामबापूंच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दुःखाचा प्रसंग आला म्हणून सारंगी नाही, राग आला म्हणून झांजा नाहीत. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात कोंडली गेलेली नीरा आणि त्या घराचे नेहमीचे आवाज, एवढ्यावर सारा भार. प्रेक्षकाला ती घुसमट अंगावर येते ती त्यामुळे. हे धाडस दिग्दर्शकाचे खरेच. पण साधे आवाज स्वच्छ घेता येतील याची खात्री ध्वनिशाखेने दिली नसती तर ते धाडस कोण करता? संगीताची चादर काढून घेतली की खालची गादी किती स्वच्छ आहे ते दिसते.

ही जाण त्याच सुमारास जगात इतरत्रही उमलत होती. फ्रान्समध्ये रने क्लेअर या दिग्दर्शकाने १९३० साली पॅरिसच्या गल्ल्यांतल्या जीवनावर बोलपट काढला. त्यात एक हाणामारी रात्रीच्या अंधारात रेल्वेरुळांलगत होते आणि जाणाऱ्या गाडीच्या आवाजात ती बुडून जाते. एकदा काचेच्या दारापलीकडची माणसे बोलताना नुसती दिसतात, त्यांचे शब्द आपल्याला ऐकूच येत नाहीत. ज्या गाडीच्या आवाजापासून पळण्यासाठी आपल्याकडे इराणी रात्र रात्र जागले, तोच आवाज तिकडे कथेच्या कामाला लावला गेला. आवाज मिळाला म्हणून सतत बोलायचे नसते, हे तिकडे पॅरिसला समजले आणि इकडे पुण्यालाही.

एकच अभंग, दोन गळे

आता 'संत तुकारामा'कडे वळू. १९३६ साली तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. जिजाईच्या भूमिकेत गौरी, जी तोवर किरकोळ कामे करीत आलेली. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या चित्रपटाचा प्रारंभ आठवा. तुकोबा शांतपणे बसून अभंग गात आहेत. त्यात प्रदर्शन नाही, ऐकणाऱ्याकडे डोळा नाही. आणि मग तोच अभंग मंदिरात सालोमालोच्या तोंडून आपल्याला ऐकू येतो: मुरडत, लचकत, श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहत, आपल्याच नावावर खपवीत. शब्द तेच. फरक गळ्यातला. संत कोण आणि भोंदू कोण हे सांगायला एकाही पात्राला तोंड उघडावे लागत नाही. प्रेक्षकाच्या कानानेच निवाडा होऊन जातो. कथेचा सारा झगडा पहिल्या काही मिनिटांत आवाजाच्या जोरावर मांडून दाखविणारा दिग्दर्शक कोठल्या शाळेतून आला असेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट जिजाईची. तिची बोली, तिचा तडतडाट, देवावरचे तिचे रागावणे! पागनिसांचा स्वर जितका संथ, तितका गौरीचा खडबडीत. संगीतातल्या दोन वाद्यांप्रमाणे हे दोन आवाज एकमेकांना तोलून धरतात. जिजाई बोलते आणि तुकोबा गप्प राहतात; त्या गप्प राहण्यात हसू असते, अपराधीपण असते, मायाही असते. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग तर पुष्कळांना तुकोबांचाच वाटला, तो गाथेत कोठे सापडतो म्हणून लोक शोधीत बसले. शब्दांचे श्रेय आठवल्यांचे, चालीचे भोळ्यांचे, गळ्याचे पागनिसांचे. पण तो अभंग खरा वाटावा इतका जवळ आणून ठेवण्याचे श्रेय ध्वनिशाखेचे, हे कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावी विद्यार्थ्यांसाठी हा चित्रपट आम्ही लावला होता. कपाशीच्या वेचणीचे दिवस. तरी दिवाणखान्याएवढ्या त्या खोलीत मुले दाटीवाटीने बसली. काही पालक आले, एक-दोन माळकरी आजोबाही आले. निम्मा चित्रपट झाला असेल नसेल, कोणाच्या तरी पायाने कर्ण्याची तार निसटली. पडद्यावर तुकोबांचे ओठ हलताहेत, जिजाई हात नाचवते आहे आणि खोलीत शांतता! पहिले अर्धे मिनिट मुले हसली. मग त्यांचे हसणे थांबले आणि चुळबूळ सुरू झाली. शेवटी मागून एका विद्यार्थिनीचा आवाज आला, "सर, आवाज गेला त सिनेमात उरलं काय?"

तार जोडली. अभंग पुन्हा सुरू झाला. मी पडद्याकडे पाहण्याऐवजी खोलीकडे पाहत होतो. माळकरी आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. चित्र त्यांना नको होते. त्यांचा तुकोबा त्यांना आवाजात भेटत होता. एरंडवण्याच्या स्टुडिओत प्रकाशाच्या तिरिपीने फिल्मच्या कडेवर कोरलेला तो स्वर इतक्या वर्षांनी बाभुळगावच्या एका वारकऱ्यापर्यंत पोचला होता आणि मधल्या यंत्राचा, तारेचा, माणसांचा त्यांना पत्ताही नव्हता. ध्वनिलेखकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

मागे उरले ते

'तुकारामा'नंतर दामले-फत्तेलालांनी 'गोपाळकृष्ण' १९३८ साली आणि 'संत ज्ञानेश्वर' १९४० साली केला. १९४१ च्या 'संत सखू'त राजा नेने त्यांच्या जोडीला होते. १९४२ साली शांतारामबापूंनी 'प्रभात' सोडून मुंबईस 'राजकमल कलामंदिर' उभारले. ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत गेले. वय अवघे बावन्न. १९५३ साली 'प्रभात'चा कारभार आटोपला. कंपनीचे चित्रपट परक्या हाती विखुरतात की काय अशी वेळ आली असता दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी ते पुन्हा मिळवून जपण्यासाठी खटपट केली. म्हणून आज आपण 'तुकाराम' पाहू शकतो.

पाहू शकतो खरे, पण ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या चित्रपटात पावसासारखी एक खरखर सतत ऐकू येते आणि आपण म्हणतो, "त्या वेळी मुद्रण असेच कच्चे असायचे!" हा अन्याय आहे. आवाज फिल्मच्या कडेवर छापलेला; त्यामुळे प्रत्येक ओरखडा, धुळीचा प्रत्येक कण हाही यंत्राला आवाजच वाटतो. शेकडो खेळांत झिजलेल्या, प्रतीवरून प्रत काढलेल्या फिल्मची ती खरखर आहे. म्हातारपणी घशात आलेल्या घरघरीवरून गवयाची तरुणपणची गायकी जोखू नये. खरखरीच्या पलीकडे कान दिला म्हणजे पागनिसांचा श्वासदेखील जागच्या जागी आहे हे कळते.

दामल्यांची विद्या मात्र वाया गेली नाही. 'राजकमल'च्या ध्वनिशाखेत मंगेश देसाई यांच्यासारखा कसबी माणूस नावारूपाला आला. १९७२ चा 'पाकीजा' आणि १९७५ चा 'शोले' यांच्या आवाजाला त्यांचा हात लागला आहे. आणि पुण्याचा तो 'प्रभात'चा माळ? १९६० साली तेथे सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. ज्या दामल्यांना शिकायला शाळा नव्हती, त्यांच्याच स्टुडिओची शाळा झाली! तेथे आता ध्वनिमुद्रण हा रीतसर विषय आहे. या संस्थेत शिकलेले रसूल पुकुट्टी यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पारितोषिक मिळाले. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली, देशभर पेढे वाटले गेले. त्या आनंदात चाळिशीत आवाज शिकायला बसलेल्या पहिल्या विद्यार्थ्याचे नाव निघाले असते तर बरे वाटले असते.

पण नाव निघावे अशी दामल्यांची तरी अपेक्षा असेल असे वाटत नाही. ज्यांनी यंत्राशी संसार केला त्यांना यंत्र नीट चालण्यातच समाधान असते. अपेक्षा असलीच तर आपल्याकडून, श्रोत्यांकडून आहे. दिवाळीच्या सुटीत घरची सारी मंडळी एकत्र जमतात. फराळाची ताटे आवरली की एखाद्या दुपारी 'संत तुकाराम' लावा. पहिली दहा मिनिटे, म्हणजे साधारण एक रीळ, लहानथोरांनी डोळे मिटून नुसते ऐका. संताचा गळा आणि भोंदूचा गळा मुले न सांगता ओळखतील. मग डोळे उघडून चित्र पाहा. ते आपल्याला पूर्वीपेक्षा अधिक दिसेल.